पाय कुणी पाहिला?

१

कोन गावात गोदूमावशीच्या घरी डबी किंचाळू लागली, तेव्हा भावना मुलीची वेणी घालत होती. तिने वेणी तशीच सोडली, करिष्माला कडेवर उचललं आणि पुढचं दार लावायला धावली. गोदूमावशी मागच्या दाराकडे पळाल्या. मोरीपाशी फरशी ओली होती. त्या घसरून आडव्या झाल्या आणि त्यांना उठता येईना. खुब्याचं हाड मोडलं होतं.

डबी किंचाळतच होती.

हातात मावेल एवढी ती काळी डबी भावनाला कोर्टाच्या हुकमाने मिळाली होती. तिचा नवरा जीवन याने वडप्याच्या घरात तिचा हात पेटत्या गॅसवर धरला होता. त्याला अटक झाली, भावना मुलीला घेऊन कोनला मावशीकडे राहायला आली, आणि पुढे त्याला जामीनही झाला. जामीन देताना कोर्टाने अट घातली: त्याने कोनच्या घराजवळ फिरकायचं नाही, आणि पायात एक पट्टा सतत घालायचा. जिल्ह्यात असे पट्टे नुकतेच, प्रयोग म्हणून आले होते. तो पट्टा घराच्या आसपास आला की भावनाची डबी ओरडायची, आणि त्याच क्षणी कंट्रोल रूमला आणि जवळच्या चौकीला खबर जायची.

डबी वाजण्याची ही तिसरी वेळ होती.

दारावर थाप पडली. भावना करिष्माला घेऊन मागे सरकली, पण बाहेरून ओळखीचा आवाज आला. सासू होती, आनंदीबाई. वडप्याहून भाजी घेऊन आठवड्यातून दोनदा त्या कोनच्या नाक्यावर बसायला यायच्या, आणि बसण्याआधी नातीला बघून जायच्या. मुलाने सुनेला भाजलं, त्या दिवशी सुनेला दवाखान्यात नेणाऱ्या त्याच होत्या. आत येताच त्यांनी भाजीची पिशवी खाली टाकली, तिच्यातला विळा काढला आणि उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.

"मी हितं उभी हाय," त्या म्हणाल्या. "माझा पोर असंल तरी आत येनार न्हाय."

चौकीतून हवालदार आले. त्यांनी गल्ली पाहिली, गच्ची पाहिली, शेजारची घरं पाहिली. मग कंट्रोल रूमचा फोन आला. हवालदारांनी तो ऐकला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ते म्हणतात, पट्टा बाहेर नाहीच," ते हळू आवाजात म्हणाले. "या घरात आहे."

त्यांनी कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, माळ्यावर चढले. घरात भावना होती, तिची मुलगी होती, कण्हणाऱ्या गोदूमावशी होत्या आणि दारात विळा धरलेल्या आनंदीबाई. पाचवं कोणी नव्हतं.

तेवढ्यात दापोड्याहून दुसरा फोन आला. जीवन तिथल्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवत होता. सकाळपासून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

२

दुसऱ्या दिवशी संरक्षण अधिकारी नीरजा भावनाच्या घरी आल्या. घरात मार खाणाऱ्या बायकांची बाजू कोर्टापुढे मांडणं, त्यांना निवारा आणि औषधपाणी मिळवून देणं, हे त्यांचं सरकारी काम. भिवंडीतल्या जुन्या शिक्षकाच्या घरातल्या त्या. वडिलांची शिकवणी चालायची त्याच खोलीत आता त्यांच्याकडे येणाऱ्या बायका बसायच्या. नीरजांची एक पद्धत होती. कोणाच्याही घरी गेल्या की आधी पाणी मागायच्या आणि ते सावकाश प्यायच्या. तेवढ्यात माणूस आपण होऊन बोलायला लागतं, असं त्यांचं म्हणणं.

येण्याआधी त्या पोलीस इन्स्पेक्टर सुधीर यांना भेटून आल्या होत्या. सुधीर माणूस सरळ होता, पण वैतागला होता. तीनदा त्यांची माणसं धावत गेली होती आणि तीनदा हात हलवत परत आली होती. प्रत्येक वेळी संध्याकाळी त्यांनी जीवनला ठाण्यात बोलावून पट्टा तपासला होता. पट्टा पायात, कुलूप शाबूत, कुठे कापल्याची खूण नाही. आता जीवनच्या वकिलाने, अथर्व नावाच्या तरुणाने, कोर्टात अर्ज टाकला होता की यंत्र सदोष आहे, माझ्या अशिलाला त्याचा नाहक त्रास होतो, पट्टा काढावा. मंगळवारी सुनावणी होती. सुधीरना वाटत होतं की अर्ज मंजूर होणार. त्याहून वाईट गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली: चौकीतली पोरं आता डबीला हसायला लागली होती.

भावनाने पाणी दिलं. तिच्या उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत चुरगळलेली होती, तरी तांब्या तिने त्याच हाताने धरला होता. ती रडली नाही. तिने तिन्ही वेळची हकीकत क्रमाने सांगितली. कोण कुठे होतं, डबी वाजल्यावर कोण कधी आलं, किती वेळाने ती बंद झाली. डबी आपोआप थांबली नव्हती. गोडाऊनमधून खात्री झाल्यावर कंट्रोल रूमने तिचा आवाज बंद केला होता.

"आणि आनंदीबाई?" नीरजांनी विचारलं.

प्रत्येक वेळी त्या डबी वाजल्यावर थोड्याच वेळात आल्या होत्या. देव पाठवतो तसं, भावना म्हणाली. काल तर त्या दारात उभ्या असताना करिष्मा भेदरून रडत होती. त्यांनी तिला सांगितलं, पिशवीत पेरू हायत, घे. मग पोर पिशवीत दोन्ही हात घालून बसली आणि रडायची थांबली.

नीरजांनी गल्लीत कोण कोण असतं ते विचारलं. समोर राहणारा पंढरी रिक्षावाला प्रत्येक वेळी कोपऱ्यावर उभा दिसला होता. तो जीवनचा जुना दोस्त, दोघं एकत्र कबड्डी खेळलेले.

नीरजा उठल्या. भावना त्यांना दारापर्यंत सोडायला आली आणि तिथे थांबली. सांगू की नको, असं तिचं चाललं होतं.

"मॅडम, सगळे म्हणतात मशीन बिघडलंय. मला तसं वाटत नाही," ती शेवटी म्हणाली. "तो घरात होता. मला त्याचा वास आला."

३

वास कसला, हे भावनाने सांगितलं होतं. जीवन पायाला चोळायचा त्या मालिशच्या तेलाचा. कबड्डीच्या दिवसांपासूनची त्याची सवय. लग्नानंतर रोज रात्री घरभर तोच वास असायचा. हवालदारांना तिने हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली होती, भ्यालेल्या माणसाला समजावताना डोलावतात तशी.

नीरजांनी मान डोलावली नाही. त्यांनी ते मनात ठेवलं आणि स्कूटर दापोड्याला वळवली.

गोडाऊनचा सुपरवायझर आल्हाद बोलायला तयारच होता. जीवन कामाला चोख, शिफ्ट कधी चुकवत नाही. गुरुवारी डबी वाजली म्हणून पोलिसांचा फोन आला, तेव्हा जीवन समोरच माल चढवत होता. दहाबारा जणांनी पाहिला. कॅमेऱ्यातही आहे. त्याने चित्रण दाखवलंही: पिवळी फोर्कलिफ्ट, तिच्यावर जीवन, अंगात कंपनीचं जाकीट, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट.

"गमबूट रोज घालतो?"

आल्हादने आठवून पाहिलं. पूर्वी नाही घालायचा, तो म्हणाला. अलीकडे घालतो. पट्टा दिसला की पोरं चिडवतात, म्हणून.

तिथून त्या पट्टा बसवणाऱ्या माणसाला भेटल्या. त्याचं नाव कुमार. पट्टा उघडायची चावी जिल्ह्यात याच्याकडेच होती, त्यामुळे सुधीरांचा पहिला संशय त्याच्यावरच गेला होता. कुमार त्या संशयाने दुखावलेला होता. चावी लावली की कंट्रोल रूमला तत्क्षणी कळतं, त्याने सांगितलं. पट्टा कापला तरी कळतं, आतून तार आहे. यातलं काहीच झालेलं नव्हतं. बसवताना त्याने नियमाप्रमाणे पट्टा आणि पाय यांत दोन बोटं जातील एवढी जागा सोडली होती.

"कोणत्या पायात बसवला?"

"उजव्या. मी डाव्यात बसवणार होतो. तो म्हणाला, डाव्यात रॉड आहे, दुखतो."

नीरजा स्कूटरकडे परतल्या, पण किल्ली न लावता तशाच थोडा वेळ बसून राहिल्या. सगळे जण एकाच भांडणात अडकले होते: यंत्र खोटं की माणसं खोटी? यंत्राने सांगितलं होतं, पट्टा कोनच्या घरात आहे. माणसांनी सांगितलं होतं, जीवन दापोड्याला आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध कुठे होत्या? तोंड सगळ्यांनी पाहिलं होतं. पाय कोणी पाहिला होता?

त्यांनी भावनाला फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला. लग्नाच्या इतक्या वर्षांत जीवनच्या डाव्या पायात कधी रॉड बसवला होता का?

"नाही," भावना म्हणाली. "कधीच नाही."

४

रविवारी नीरजा वडप्याला गेल्या. जीवन घरी नव्हता, मित्रांबरोबर बाहेर गेला होता, आणि हे त्यांना हवंच होतं. हायवेच्या दोन्ही अंगांना गोडाऊनच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, पण आनंदीबाईंनी मागचा तुकडा राखला होता. तिथे वाल होता, मुळा होता, पेरूची दोन झाडं होती.

नीरजांनी पाणी मागितलं. आनंदीबाईंनी पाणी दिलं आणि सोबत गूळही आणला. त्यांना वाटलं होतं, बाई चौकशीला आली म्हणजे आपल्यावरच आळ येणार. पंढरीने त्यांच्या कानावर घातलं होतं की चौकीत तसं बोलतात, म्हातारी आली की डबी वाजते म्हणून.

नीरजांनाही ते दिसलंच होतं. तिन्ही वेळी बाहेरून घरात आलेलं माणूस एकच होतं. पट्टा घरात आला असेल, तर तो याच बाईबरोबर आला होता. प्रश्न एवढाच होता की तिला ते ठाऊक होतं का. आणि त्याचं उत्तर नीरजांना भावनाच्या बोलण्यातून मिळालं होतं. पिशवीत काय लपवलंय हे ज्या बाईला ठाऊक असेल, ती चार वर्षांच्या पोरीला त्या पिशवीत दोन्ही हात घालू देणार नाही. ती पिशवी उरीपोटी धरून बसेल.

म्हणून त्यांनी पिशवीचं नावही काढलं नाही. त्या पायाबद्दल बोलू लागल्या.

आनंदीबाई मोकळेपणाने सांगत गेल्या. पोलीस धरायला आले त्या दिवशी जीवनने मागच्या भिंतीवरून उडी टाकली होती. उजवा पाय मुरगळला. जामिनावर सुटून आला तेव्हाही पाय भोपळ्यासारखा होता, आणि त्यावरच तो पट्टा. आनंदीबाईंनी निर्गुडीचा पाला गरम करून रोज बांधला.

"आता उतरली सूज?" नीरजांनी विचारलं.

"कवाच. आता तं काटकीवानी पाय हाय. पट्ट्याचा कडा तं नुसता लोंबतोय."

त्या सहज बोलून गेल्या आणि पेरू निवडू लागल्या. उद्या कोनला जायचं होतं, नातीला पेरू आवडतात. त्यांची भाजीची पिशवी ओसरीवर टांगलेली होती. जाड रेक्झिनची, तळाला पुठ्ठा घातलेली. नीरजा चपला घालायला वाकल्या आणि त्या पिशवीजवळून जाताना त्यांना मालिशच्या तेलाचा उग्र वास आला.

५

"डाव्या पायात रॉड आहे असं खोटं सांगून त्याने सुजलेला उजवा पाय पुढे केला, आणि त्यावर दोन बोटं जागा सोडून पट्टा बसवला गेला," नीरजांनी त्याच दुपारी सुधीरना सांगितलं. "सूज उतरल्यावर ती जागा किती झाली असेल? तेल लावलं की टाचेवरून निघतो. कापायला नको, चावी नको, कंट्रोल रूमला पत्ता नाही. ज्या दिवशी आई कोनला जाते त्या दिवशी सकाळी तो पट्टा तिच्या पिशवीत, पुठ्ठ्याखाली ठेवतो. वर भाजी. आई भाजीबरोबर पट्टा सुनेच्या घरात नेते, डबी ओरडते, आणि हा गमबूट घालून दापोड्यात सगळ्यांसमोर हिंडतो. दुपारी पिशवी घरी येते. तुम्ही संध्याकाळी बोलावता तेव्हा पट्टा परत पायात."

सुधीरनी तिन्ही दिवसांच्या नोंदी पुन्हा वाचल्या. मग त्यांनी विचारलं, यातून त्याला मिळणार काय?

दोन गोष्टी, नीरजा म्हणाल्या. मंगळवारी कोर्ट पट्टा काढेल. आणि तोवर डबी वाजली तरी कोणी धावणार नाही, अशी सवय सगळ्यांना लागेल.

सुधीर खजील झाले, पण ते पोलीस होते. आत्ता त्याला बोलावून पट्टा पायातून ओढून काढला, तर वकील म्हणेल, बघा, पट्टाच सैल बसवलाय, चूक बसवणाऱ्याची. पट्टा पिशवीत सापडायला हवा, आणि त्याच वेळी जीवनचा उघडा पाय दापोड्यात दिसायला हवा. उद्या सोमवार, आनंदीबाई कोनला जाणार. सुधीर आपली माणसं घेऊन गोडाऊनला जातील, नीरजा कोनच्या नाक्यावर थांबतील.

सोमवारी सकाळी आनंदीबाई शेअर रिक्षातून उतरल्या तेव्हा नीरजा समोर उभ्या होत्या. त्यांनी पिशवी बघू का म्हणून विचारलं. आनंदीबाईंनी ती गोंधळून पुढे केली. नाक्यावरच्या कट्ट्यावर मुळे निघाले, वालाच्या शेंगा निघाल्या, पेरू, विळा. मग नीरजांनी पुठ्ठा उचलला.

खाली काहीच नव्हतं. तेलाचा एक गोल डाग होता, कड्याच्या आकाराचा, आणि तो वास.

नीरजांच्या हातातला पुठ्ठा तसाच राहिला.

"आनंदीबाई, मी काल आले होते हे कोणाला बोललात?"

"जीवनला सांगितला ना जेवताना. बाय आलती, तुझ्या पायाचं इचारीत व्हती."

फोन वाजला. सुधीर होते, दापोड्याहून. जीवन आज कामावर आलाच नव्हता. कंट्रोल रूम म्हणत होती, पट्टा वडप्याला घरीच आहे, सकाळपासून जागचा हललेला नाही. आजारी असेल, झोपला असेल, सुधीर म्हणाले, आम्ही तिकडे निघतो.

"साहेब, घरी पट्टा आहे," नीरजा म्हणाल्या. "तो कुठे आहे?"

त्यांनी फोन कानाला तसाच धरून आनंदीबाईंकडे पाहिलं. आनंदीबाईंचा चेहरा उतरला होता.

"तो तं माझ्या अगोदरच गाडी घेऊन गेला," त्या म्हणाल्या.

६

आज डबी वाजणार नव्हती.

नीरजांनी भावनाला फोन केला आणि चार वाक्यांत सांगितलं. भावनाने एकही प्रश्न विचारला नाही. घरात ती आणि करिष्मा दोघीच होत्या, गोदूमावशी अजून दवाखान्यात. तिने मागच्या भिंतीवरून मुलीला शेजारणीच्या हातात दिलं. शेजारीण म्हणाली, तू पण ये. भावना गेली नाही. मी घरात सापडले नाही तर तो घरोघर शोधत येईल, ती म्हणाली, आणि मग पोरगी सापडेल. ती परत आत गेली, दोन्ही दारांना कड्या घातल्या, आणि डबीवरचं, संकटात हाताने वाजवायचं लाल बटण स्वतःच्या भाजलेल्या हाताने दाबून धरलं. गल्लीभर डबी किंचाळू लागली.

नाक्यावर नीरजांनी आनंदीबाईंना खरं काय ते सांगितलं. पट्टा तुमच्या पिशवीतून जात होता. तुमचा मुलगा ठेवत होता. आनंदीबाईंनी कट्ट्यावरच्या पेरूंकडे पाहिलं, मग विळा उचलला. तेवढ्यात नाक्यावरच्या रिक्षांच्या रांगेतून हे ऐकणाऱ्या पंढरीने आपली रिक्षा आणून समोर उभी केली. तो जीवनचा दोस्त होता खरा, पण कोपऱ्यावर उभा राहायचा तो आनंदीबाईंनीच सांगितलं होतं म्हणून. माझ्या सुनेवर लक्ष ठेव, एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि तो धंदा सोडून ठेवत होता.

ते पोचले तेव्हा जीवनची मोटरसायकल दाराशी आडवी होती. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, हातात पेट्रोलचा कॅन. तो दारावर लाथा मारत होता. दाराची वरची कडी निखळली होती. गल्लीतले लोक दारं किलकिली करून बघत होते, पुढे कोणी येत नव्हतं.

आनंदीबाई रिक्षा थांबायच्या आत उतरल्या आणि मुलाच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"आये, बाजूला हो."

त्यांनी विळा उगारला नाही. तो खाली धरलेल्या हातातच होता. मुलाच्या तोंडाकडेही त्यांनी पाहिलं नाही.

"तुझ्या पायातला कडा कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

जीवनने नकळत खाली पाहिलं. त्याच्याबरोबर सगळ्या गल्लीने पाहिलं. त्याच्या पायात साध्या चपला होत्या. उजव्या पायाचा घोटा उघडा होता, आणि पट्ट्याने घासून पडलेला फिकट वळ त्यावर स्पष्ट दिसत होता. नीरजांनी फोन काढून त्या पायाचा फोटो घेतला.

"माझ्या भाजीखाली ठेवलास," आनंदीबाई म्हणाल्या. "माझ्या नातीच्या पेरूखाली."

जीवन काही तरी बोलू लागला. पंढरीने मागून त्याच्या हातातला कॅन काढून घेतला आणि त्याचे दोन्ही दंड धरले. मग दारं उघडली, माणसं बाहेर आली. सुधीरांनी दापोड्याहून फोन करून चौकीला सांगितलं होतं की ही डबी खोटी नाही, धावा. हवालदारांची जीप गल्लीत शिरली तेव्हा जीवनभोवती एवढी गर्दी होती की त्यांना वाट काढावी लागली.

सगळ्यात शेवटी आतून कडी सरकली. भावना बाहेर आली. डबी तिच्या मुठीत अजून किंचाळत होती. तिने बोट उचललं.

७

मंगळवारी कोर्टात अथर्व वकिलांनी अर्ज मागे घेतला. त्या तरुणाचा चेहरा उतरला होता. आपल्या अशिलाने आपल्यालाही फसवलं, हे त्याने नीरजांजवळ बोलून दाखवलं. सरकारी वकिलांनी जामीन रद्द करायची मागणी केली आणि आनंदीबाईंचं म्हणणं ऐकून घ्यावं असं सांगितलं.

आनंदीबाई उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी विचारलं, आरोपी तुमचा कोण?

"माझा पोर हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भिंतीवरची उडी, निर्गुडीचा पाला, तेल, पिशवी. कुठे अडखळल्या नाहीत, कुठे रडल्या नाहीत. जीवन मान खाली घालून उभा होता. सांगताना त्यांनी एकदाही भावनाकडे पाहिलं नाही, आणि न्यायाधीशांनी, तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हाय ना. त्याला मी जल्म दिलाय."

जामीन रद्द झाला. न्यायाधीशांनी आणखी दोन गोष्टी हुकमात घातल्या. पायाला सूज वा जखम असेल तर ती बरी झाल्यावर पट्टा पुन्हा मापाने बसवायचा. आणि डबी वाजली की आरोपी कुठे आहे हे फोनवर विचारून थांबायचं नाही, कोणीतरी जाऊन त्याचा पाय पाहायचा. हे दुसरं वाक्य नीरजांच्या अहवालातून जसंच्या तसं घेतलं होतं. सुधीरनी ते आपल्या सगळ्या चौक्यांना वाचून दाखवलं. त्यानंतर डबीला कोणी हसलेलं नाही.

पण ते पुढचं. त्या दिवशी कोर्टाबाहेर बाकावर आनंदीबाई बसल्या होत्या. जीवनला घेऊन पोलिसांची गाडी गेली. नीरजा त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या की इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असं कोणी पाहिलं नाही. आनंदीबाईंनी हात हलवला, हे राहू द्या अशा अर्थाने. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत त्या बघत राहिल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं. कोर्टाच्या आवारातली माणसं थांबून बघू लागली. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. कोणी म्हणालं, रडू नका, चांगलं काम केलंत.

"गप नका करू मला," आनंदीबाई म्हणाल्या. "आजचा दिस मला त्याची आय राहू द्या. उद्यापासून हायच मी तुमची."

माणसं बाजूला झाली. भावना मात्र गेली नाही. ती सासूच्या शेजारी बाकावर बसली. तिने त्यांना गप्प केलं नाही. उन्हं पायापर्यंत आली तरी दोघी तशाच बसून होत्या.